टिकली, तिकीट आणि २७०: अमेरिकी निवडणुकीची बोली

२००० सालचा नोव्हेंबर. फ्लोरिडा राज्यातल्या मोजणी केंद्रांत अधिकारी एकेक मतपत्रिका दिव्यासमोर धरून तिच्यावरच्या भोकांकडे भिंगातून बघत होते. मतपत्रिका म्हणजे जाड कागदाचं कार्ड. मतदाराने टोच्याने आपल्या उमेदवाराची जागा टोचायची, तिथली कागदाची बारीक टिकली गळून पडायची आणि यंत्र त्या भोकावरून मत मोजायचं. पण बऱ्याच कार्डांवरची टिकली पूर्ण सुटलीच नव्हती. एका कोपऱ्याला लटकून राहिली ती 'लोंबती टिकली'. नुसता फुगवटा आला, पण कुठेच सुटली नाही ती 'गरोदर टिकली'. इंग्रजीत या टिकलीला 'चॅड' म्हणतात. फारसा कुणाच्या कानावर न पडलेला हा शब्द त्या महिन्यात जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचला.

सुमारे ६० लाख मतं पडलेल्या त्या राज्यात शेवटी फरक उरला ५३७ मतांचा. त्या ५३७ मतांनी अमेरिकेचा अध्यक्ष ठरवला. देशभरातली मतं एकत्र केली तर अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मतं जास्त होती. अध्यक्ष झाले बुश.

दर चार वर्षांनी आपल्या बातम्यांत प्रायमरी, कॉकस, डेलिगेट, स्विंग स्टेट हे शब्द येतात आणि वाचकाला ते माहीतच आहेत असं धरून बातमी पुढे सरकते. शब्दकोशातला अर्थ इथे फारसा उपयोगी पडत नाही. या बोलीतल्या बहुतेक शब्दांमागे कधीतरी झालेलं एक भांडण आहे, आणि ते भांडण कळलं की शब्द कळतो, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यांत आधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. अमेरिकेत अध्यक्षपदाची 'एक' निवडणूक होत नाही. एकाच दिवशी ५१ निवडणुका होतात, ५० राज्यांच्या आणि एक राजधानी वॉशिंग्टन डी.सी.ची. आपल्या निवडणूक आयोगासारखी साऱ्या देशाचं मतदान घेणारी संस्था तिथे नाही. फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण त्याचं काम प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवण्याचं. मतदार यादी, मतपत्रिका, मतदानाच्या वेळा, मोजणी हे सगळं राज्याच्या कायद्याने चालतं आणि प्रत्यक्ष हमाली करते ती काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा राज्याचा भाग. अशा काउंट्या तीन हजारांहून जास्त आहेत. एका काउंटीत कागदावर गोल काळा करायचा, शेजारच्या राज्यात यंत्राचा पडदा दाबायचा, असं होतं ते यामुळे.

या ५१ निकालांची बेरीज करण्याची पद्धत म्हणजे 'इलेक्टोरल कॉलेज'. यातल्या कॉलेजचा शिक्षणाशी संबंध नाही, इथे त्या शब्दाचा अर्थ निवडक माणसांचं मंडळ एवढाच. प्रत्येक राज्याला काही 'इलेक्टर' मिळतात: प्रतिनिधिगृहात (संसदेचं लोकसभेसारखं सभागृह) त्या राज्याचे जितके सदस्य, अधिक सिनेटचे (वरचं सभागृह) दोन. प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि १९६१ च्या घटनादुरुस्तीने वॉशिंग्टन डी.सी.ला दिलेले ३, एकूण ५३८. निम्म्याहून एक जास्त म्हणजे २७०. निकालाच्या रात्री प्रत्येक वाहिनीच्या कोपऱ्यात झळकणारा आकडा तो हाच.

४८ राज्यांत आणि राजधानीत नियम असा की जो पुढे त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. पुढे एका मताने असो की दहा लाखांनी. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं आपले इलेक्टर वाटून देतात. हा नियम ध्यानात आला की जास्त मतं मिळवूनही हरण्याचं २०१६ चं कोडंही सुटतं. हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख ७० हजार मतं जास्त मिळाली, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून सुमारे ७८ हजार मतांनी हातची गेली. कॅलिफोर्नियात त्यांना मिळालेल्या प्रचंड आघाडीचा एक इलेक्टरही जास्त आला नाही.

वायोमिंगची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आसपास होती आणि त्याला ३ इलेक्टर आहेत. कॅलिफोर्नियाची जवळपास ३ कोटी ९५ लाख, त्याला ५४. म्हणजे वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार माणसांमागे एक इलेक्टर, कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजारांमागे. ही पद्धत छोट्या राज्यांच्या रक्षणासाठी आली असं नेहमी सांगतात. तो अर्धाच इतिहास आहे. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना दक्षिणेकडच्या राज्यांत लाखो गुलाम होते. त्यांना मत नव्हतं, पण प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना त्यांची गणती पाचांमागे तीन अशी धरायचं ठरलं. थेट मतदान घेतलं असतं तर गुलामांच्या संख्येचा दक्षिणेला काहीच फायदा झाला नसता. इलेक्टरांच्या हिशेबात तो आपोआप मिळाला. घटनेच्या शिल्पकारांपैकी एक जेम्स मॅडिसन यांनी ही अडचण त्या सभेत बोलून दाखवली होती. इलेक्टोरल कॉलेजविषयी बोलताना ही गोष्ट गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

ज्या राज्यांचा कल आधीच ठाऊक असतो तिथे अध्यक्षपदाचे उमेदवार बहुधा देणग्या गोळा करायलाच जातात. जिथे पारडं दोन्हीकडे झुकू शकतं ती 'स्विंग स्टेट' किंवा 'बॅटलग्राउंड'. अलीकडच्या निवडणुकांत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोना, नेव्हाडा आणि नॉर्थ कॅरोलायना. सगळा पैसा, सगळ्या सभा तिथे. नकाशावर यांना 'जांभळी' राज्यं म्हणतात, लाल आणि निळ्याची मिसळ म्हणून. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅटिक. लाल बावटा डाव्यांचा, हे डोक्यात बसलेल्या मराठी वाचकाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण अमेरिकेत लाल रंग उजव्या पक्षाचा आहे. हे रंग फार जुने नाहीत. पूर्वी वाहिन्या आपापल्या मर्जीने रंग वापरत. २००० चा निकाल पाच आठवडे लांबला, तोच नकाशा लोकांसमोर रोज आला आणि ते रंग कायमचे चिकटले.

आता थोडं मागे जाऊ. उमेदवार ठरतो कसा? आपल्याकडे पक्षश्रेष्ठी तिकीट देतात. अमेरिकेत तिकीट मतदार देतात, आणि त्या मतदानाला 'प्रायमरी' म्हणतात. पक्षांतर्गत निवड, पण ती सहसा सरकारी यंत्रणेने घेतलेली, सरकारी मतपत्रिकेवर. काही राज्यांत ती 'क्लोज्ड' असते, म्हणजे त्या पक्षाचा म्हणून नाव नोंदवलेल्या मतदारालाच मत. काहींत 'ओपन', कुठल्याही मतदाराला एका पक्षाची प्रायमरी निवडता येते. मतदार नोंदणीच्या सरकारी अर्जावर स्वतःचा पक्ष लिहायचा, ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटते, पण अनेक राज्यांत तो रकाना असतोच.

प्रायमरीचं वजन कळायला एक आपल्या जवळचं उदाहरण आहे. श्री ठाणेदार बेळगाव भागात वाढले, मराठी माणूस. २०१८ मध्ये मिशिगनचे गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, होण्यासाठी ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले, तिथेच संपलं. २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातल्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले. प्रायमरीत उमेदवारांची गर्दी होती, मतं विभागली गेली आणि सुमारे २८ टक्के मतांवर ठाणेदार जिंकले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरमधली लढत सोपी होती. खरी निवडणूक ऑगस्टमध्येच झाली होती. अमेरिकेत असे एकतर्फी मतदारसंघ पुष्कळ आहेत आणि म्हणून तिथला लोकप्रतिनिधी विरोधी पक्षापेक्षा स्वपक्षातल्या आव्हानाला जास्त भितो. त्या आव्हानासाठी इंग्रजीत 'प्रायमरी'चं चक्क क्रियापद झालं आहे: अमक्याला 'प्रायमरी केलं'.

'कॉकस' म्हणजे मतपेटीऐवजी सभा. आयोवा राज्यात १९७२ पासून अध्यक्षपदाच्या शर्यतीची सुरुवात या सभांनी होत आली. हिवाळ्याच्या रात्री शाळेच्या व्यायामशाळेत, चर्चमध्ये, वाचनालयात शेजारीपाजारी जमतात. डेमोक्रॅटिक पक्षाची २०२० पर्यंतची रीत मला फार विलक्षण वाटते. ज्याचे समर्थक त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे आणि मग डोकी मोजायची. ज्या गटात साधारण १५ टक्के माणसंही नसत, त्यांना दुसऱ्या कोपऱ्यात जायला मोकळीक. मग बाकीचे त्यांची मनधरणी करायचे. सगळं उघड, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. पाळीवर कामाला गेलेली नर्स किंवा तान्हं मूल घरी असलेली आई तिथे कशी पोहोचणार, हा आक्षेप वर्षानुवर्षं होत होता. २०२० मध्ये निकाल कळवण्याचं ॲप कोलमडलं, निकाल काही दिवस लांबला आणि २०२४ ला डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला.

या प्रायमऱ्या आणि कॉकसांतून उमेदवार मिळवतो ते 'डेलिगेट', पक्षाच्या महाअधिवेशनात त्याच्या बाजूने मत देणारी माणसं. एकाच मंगळवारी अनेक राज्यांत प्रायमरी असते तो 'सुपर ट्यूसडे', बहुधा मार्चमध्ये. हा सगळा खटाटोप १९६८ नंतर वाढला. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नाही, तरी शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यांना उमेदवारी दिली. बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या काठ्या व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांच्या डोक्यांत बसत होत्या. त्या संतापातून नियम बदलले आणि उमेदवार ठरवण्याचं काम खोलीतल्या पुढाऱ्यांकडून रांगेतल्या मतदारांकडे आलं. तरी डेलिगेट हा निव्वळ आकडा नाही, माणूस आहे, हे २०२४ ने दाखवलं. जुलैमध्ये जो बायडन यांनी माघार घेतली तेव्हा जवळजवळ सगळे डेलिगेट त्यांचे होते. त्यांनीच मग कमला हॅरिस यांना उमेदवार केलं.

मराठीत उमेदवार 'उभा राहतो' आणि हरला की 'पडतो'. अमेरिकी इंग्रजीत तो धावतो, आणि त्या बोलीत घोड्यांच्या शर्यतीचे शब्द खच्चून भरले आहेत. उपाध्यक्षपदाचा जोडीदार तो 'रनिंग मेट', म्हणजे एकाच तबेल्यातला सोबतीचा घोडा. सगळ्यांच्या पुढे असलेला 'फ्रंट रनर'. कुणाच्या हिशेबात नसताना जिंकून जाणारा 'डार्क हॉर्स', जसे १८४४ मध्ये नवव्या फेरीत उमेदवारी मिळालेले जेम्स पोक. याउलट 'स्टम्प स्पीच' शेतातून आलं आहे. जंगल तोडून वसवलेल्या गावांत व्यासपीठ कुठलं असणार? तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभं राहून उमेदवार बोलायचा. आता प्रत्येक गावी थोड्या फरकाने केलेलं ठरावीक भाषण म्हणजे स्टम्प स्पीच.

'तिकीट' या शब्दापाशी मात्र जपून. आपलं तिकीट म्हणजे पक्षाची उमेदवारी. अमेरिकेतलं तिकीट म्हणजे पक्षाच्या उमेदवारांची अख्खी यादी. १९व्या शतकात मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. आपल्या सगळ्या उमेदवारांची नावं असलेला रंगीत कागद मतदाराच्या हातात द्यायचे, तो त्याने पेटीत टाकायचा. ते तिकीट. कुणी कुठल्या रंगाचा कागद टाकला हे मालकाला, मुकादमाला लांबून दिसायचं. १८८८ पासून राज्यांनी ऑस्ट्रेलियातली पद्धत उचलली: सरकारी मतपत्रिका, सगळी नावं एकाच कागदावर, आडोशाला जाऊन खूण. शब्द मात्र राहिले. एकाच पक्षाला वरपासून खालपर्यंत मत दिलं तर 'स्ट्रेट तिकीट', मिसळून दिलं तर 'स्प्लिट तिकीट'. आणि तो कागद लांबलचक असतो. अध्यक्षाखाली सिनेटर, प्रतिनिधी, गव्हर्नर, शेरीफ, कित्येक ठिकाणी न्यायाधीश, शाळा मंडळाचे सदस्य आणि थेट कायद्यांवरचे कौल. या खालच्या पदांना 'डाउन-बॅलट' म्हणतात. यादीत नाव नसलेल्याचं नाव हाताने लिहिलं तर ते 'राइट-इन' मत. ते वाया जातं असं समजू नका: २०१० मध्ये अलास्कात प्रायमरी हरलेल्या लिसा मर्कोव्स्की राइट-इन मतांवर सिनेटवर निवडून आल्या. लोकांनी त्यांचं अवघड आडनाव हाताने लिहिलं.

मतदान मंगळवारी का? १८४५ च्या कायद्याने नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरला. पिकं घरात आलेली, रस्ते अजून चालण्याजोगे, रविवार चर्चचा. काउंटीच्या गावी घोडागाडीने पोहोचायला सोमवार लागायचा. शेतकऱ्याची ती सोय आजच्या नोकरदाराची गैरसोय झाली आहे, कारण देशभर सुट्टी नसते. म्हणून 'अर्ली व्होटिंग', म्हणजे ठरलेल्या दिवसाआधीच केंद्रावर जाऊन मत देणं, आणि टपालाने पाठवायची 'मेल-इन' मतपत्रिका. पण त्याआधीची पायरी नोंदणीची, आणि ती बहुतांशी मतदाराने स्वतः करायची असते. यादी करणारा कर्मचारी दारात येत नाही. १९९३ च्या एका कायद्याने वाहन परवाना काढतानाच नाव नोंदवायची सोय झाली. लोक त्याला 'मोटर व्होटर' कायदा म्हणतात. केंद्रावर गेल्यावर यादीत नाव सापडलं नाही तर 'प्रोव्हिजनल बॅलट' मागता येते, म्हणजे मत बाजूला ठेवतात आणि पात्रता तपासून मोजतात. हा हक्क २००२ च्या कायद्याने देशभर मिळाला. टिकल्यांच्या कार्डांची जुनी यंत्रं बदलायला पैसा दिला तोही याच कायद्याने.

दारोदार फिरून मतं मागणं ते 'कॅनव्हासिंग'. मात्र निवडणुकीनंतर काउंटीत जो 'कॅनव्हास' होतो तो वेगळा: प्रत्येक केंद्राच्या आकड्यांची अधिकृत पडताळणी. एकच शब्द, दोन कामं, आणि भाषांतरात हमखास चूक होते ती इथे. पैशांची बाजू थोडक्यात: उमेदवाराला थेट देणगी द्यायला मर्यादा आहे, पण २०१० मधल्या न्यायालयीन निकालांनंतर आलेल्या 'सुपर पॅक'ना, म्हणजे प्रचारासाठी पैसा गोळा करणाऱ्या स्वतंत्र संस्थांना, देणगी द्यायला नाही. ते उमेदवाराला पैसे देऊ शकत नाहीत, पण त्याच्या बाजूच्या जाहिरातींवर स्वतः अमर्याद खर्च करू शकतात.

या बोलीतला मला सगळ्यांत दुःखद वाटणारा शब्द 'जेरीमँडर'. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या मतदारसंघांच्या नकाशात एक मतदारसंघ असा काही वाकडातिकडा होता की बॉस्टनच्या वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नख्या जोडून सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याचं रूप दिलं. गेरी आणि सॅलमँडर मिळून हा शब्द. युक्ती दोन प्रकारची: कोंबणं आणि फोडणं. समजा पाच मतदारसंघ आहेत, प्रत्येकी दहा मतदार. एकूण ३० निळे, २० लाल. रेषा नीट आखल्या तर दोन मतदारसंघांत नऊ-नऊ निळे कोंबता येतात, एकेक लाल. उरलेले १२ निळे आणि १८ लाल तीन मतदारसंघांत सारखे वाटले तर प्रत्येकात सहा लाल, चार निळे. निळे बहुसंख्य असून जागा लालांना तीन, निळ्यांना दोन. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर बहुतेक राज्यांत हे नकाशे विधिमंडळच आखतं, म्हणजे ज्यांना निवडून यायचं तेच मतदार निवडतात. पक्षीय फायद्यासाठी केलेली आखणी केंद्रीय न्यायालयं तपासणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. २०२५ मध्ये टेक्सासने दहा वर्षांची वाटही न पाहता रिपब्लिकनांच्या सोयीचा नकाशा केला. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कौल देऊन स्वतःच्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅटांच्या सोयीचा स्वीकारला.

निकालाच्या रात्री 'अमुक राज्य कॉल केलं' असं ऐकू येतं. हे कॉल करणारे सरकारी नसतात; असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८ पासून हे काम करते आहे. मागे पडलेल्याला आता पुढे जाणं शक्य नाही अशी खात्री पटली की ती विजेता जाहीर करते. २०२० मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला झालं आणि अध्यक्षपदाचा कॉल आला ७ नोव्हेंबरला, कारण पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत टपालाची पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडायला कायद्याने मनाई होती. अधिकृत निकाल त्यानंतर काही आठवड्यांनी, राज्याच्या 'सर्टिफिकेशन'ने. डिसेंबरमध्ये इलेक्टर आपापल्या राज्यात जमतात आणि मत देतात. सगळे ५३८ एका छताखाली कधीच येत नाहीत.

पराभूत किंवा मुदत संपत आलेला सत्ताधारी तो 'लेम डक', लंगडं बदक. निवडणुकीपासून नव्या अध्यक्षाच्या शपथेपर्यंतचा हा काळ पूर्वी ४ मार्चपर्यंत चालायचा. १८६० च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन निवडून आले आणि त्यांनी शपथ घेईपर्यंत सात राज्यं देशातून फुटून निघाली होती. १९३३ च्या घटनादुरुस्तीने शपथविधी २० जानेवारीला आणला.

शेवटची पायरी ६ जानेवारीची. राज्यांची प्रमाणपत्रं लाकडी पेट्यांतून संसदेच्या सभागृहात येतात आणि अलाबामापासून वायोमिंगपर्यंत वर्णक्रमाने उघडून वाचली जातात. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष असतो. २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव इमारतीत घुसला तेव्हा सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी त्या पेट्या उचलून सुरक्षित जागी नेल्या. रात्री वाचन पुन्हा सुरू झालं आणि पहाटे साडेतीननंतर पूर्ण झालं.

त्याच्या वीस वर्षं आधी, ६ जानेवारी २००१ ला, त्या आसनावर उपाध्यक्ष अल गोर होते. फ्लोरिडाच्या मतांवर प्रतिनिधिगृहातले त्यांचेच सहकारी एकेक करून उठून आक्षेप घेत होते. आक्षेपाला एका तरी सिनेटरची सही लागते, आणि ती एकाकडेही नव्हती. गोर प्रत्येकाला सहीबद्दल विचारत होते आणि नाही म्हटल्यावर आक्षेप फेटाळत होते. मग त्यांनी आकडे वाचून दाखवले: जॉर्ज बुश २७१, अल गोर २६६.